चाळीस, हजर

सोमवार, २

पोचले एकदाची. दादा न्यायला आला होता, आणि मला बघताच सगळ्यांदेखत "ठिणगे!" म्हणून हाक मारली. चौतीस वर्षांची बाई मी, पण आठव्या वर्षी त्याच्या सोल्डरिंगच्या सामानाशी खेळताना पडदा जाळला होता, ते नाव काही सुटत नाही. आई-बाबांच्या मागे मला वाढवलं ते यानेच. तारा सोलायलाही यानेच शिकवलं, त्यामुळे तक्रार तरी कोणत्या तोंडाने करू?

काम छान आहे. गावात पोलीस, फायर ब्रिगेड आणि अॅम्ब्युलन्स यांचे मिळून २१२ वायरलेस सेट आहेत. ते एकेक करून नव्या फ्रिक्वेन्सीवर न्यायचे. १४ तारखेला, शनिवारी, सकाळी ठीक दहाला टेकडीवरची जुनी यंत्रं बंद होणार, नवी चालू होणार, आणि जुनी टेकडी त्याच दिवशी दुसऱ्या खात्याच्या ताब्यात जाणार. त्या वेळी एखादा सेट चुकून जुन्यावर राहिला, तर तो हातात धरणारा माणूस कितीही ओरडला तरी कुणाला ऐकू जाणार नाही. आमच्या धंद्यात भीती एवढीच.

दादा इथला वायरलेस विभागाचा प्रमुख आहे. बारा वर्षांपूर्वीचा बदल त्याने एकट्याने पार पाडला होता. मी तेव्हा शेवटच्या वर्षाला होते. संध्याकाळी त्याचा फोन आला, त्यात दोनच शब्द होते : शिल्लक, नाही. म्हणजे एकही सेट मागे राहिला नाही. ते शब्द मी कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवले होते, आणि परीक्षेच्या दिवसांत देवाच्या फोटोऐवजी त्यांच्याकडे बघायची.

मला वरची खोली दिली आहे, भाचीची. ती हॉस्टेलवर असते. भिंतीवर तिच्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा आहेत, सातव्या वर्षापर्यंत. पुढे नाहीत. जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीवर एक काळा डाग आहे. मी आले तेव्हा वहिनी तो घासत होती.

मंगळवार, ३

कंट्रोल रूम पाहिली. लांबट खोली, चार टेबलं, भिंतीवर गावाचा नकाशा, आणि चहाच्या कपांचे इतके गोल डाग की तेही नकाशातच धरावेत. इथला राजा म्हणजे हजेरीकाका. पूर्वी आगीत शिरणारे फायरमन, पाय जायबंदी झाल्यापासून खुर्चीवर. रोज सकाळी आठला ते फायर ब्रिगेडच्या साठ सेटची हजेरी घेतात. एकेक नंबर पुकारायचा, समोरून "हजर" यायचं. सेट चालू आहे की नाही, ते यातच कळतं.

चाळीसला उत्तर नव्हतं. तो काकांचा स्वतःचा जुना नंबर. एक्केचाळीस पुकारतच नाहीत. काकांचा जोडीदार बारा वर्षांपूर्वी एका आगीत गेला, त्याचा तो नंबर. त्या जागी काका हेडफोन कानाशी दाबून थोडं थांबतात आणि मग बेचाळीसवर जातात. मला ते फार आवडलं. दोन मिनिटं उभं राहण्याचे सोहळे करणारे पुष्कळ असतात, हा माणूस रोज थांबतो.

हजेरी संपल्यावर काकांनी मला चाचणीसाठी सेट दिला. वर चाळीस कोरलेलं. म्हणाले, रिकामाच आहे, पोरी, तू वापर. मला भरून आलं. पहिल्याच दिवशी कुणी आपला नंबर देतं का?

बुधवार, ४

फायर स्टेशनवर ३४ सेट उरकले. जवान थट्टेखोर आहेत. मला हेल्मेट घालून, नळी खांद्यावर देऊन अंगणात पळवलं, आणि मी पडल्यावर गंभीर चेहऱ्याने वहीत "बाई शिल्लक" असं लिहिलं. त्यांचा नियम मात्र थट्टेचा नाही. जोडीने आत, जोडीने बाहेर. जोडीदाराला सोडून कुणी हलत नाही, आणि जोडीदार येईपर्यंत जागा सोडायची नाही. दाराशी एक जण दार धरून उभा राहतो, त्यानेही आतले आल्याशिवाय दार सोडायचं नाही.

सकाळी हजेरीला काकांनी चाळीस पुकारलं, मी ऐटीत "हजर" म्हटलं. दादा मागे उभा होता. त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली.

शनिवार, ७

१६१ सेट झाले. आज टेकडीवर गेले. वरच्या खोलीतली यंत्रं सेटचा आवाज उचलतात आणि गावभर फेकतात. यादीप्रमाणे सहा. मी मोजली, सात.

सातवं कोपऱ्यात, स्वच्छ फडक्याखाली. त्याचा नंबर जुन्या दप्तरात सापडला : बारा वर्षांपूर्वी मोडीत काढलं. मोडीत काढलेल्या यंत्रावर धूळ नाही, आणि हात लावला तर कोमट. कुणीतरी त्याची देखभाल करतं. आमच्या खात्यात चालू यंत्रांची कुणी एवढी देखभाल केली असती तर!

हजेरी मी तिथूनच दिली. चाळीस, हजर. मग काकांचं थांबणं. आणि तेवढ्यात सातव्या यंत्राचा लाल दिवा लागला. हा दिवा कुणी बोलत असेल तरच लागतो. घड्याळात बघितलं, अकरा सेकंद. दिवा विझला, काका म्हणाले, बेचाळीस.

सोमवार, ९

आज हेडफोन घेऊन गेले आणि सातव्याला जोडला. आधी माझाच आवाज आला, चाळीस, हजर. म्हणजे काकांच्या टेबलावरून इथपर्यंत छुपी तार ओढली आहे, आणि मी रोज जे बोलते ते इथेही जातं.

मग खरखर. मग एका पुरुषाचा आवाज, धुराने बसलेल्या घशाचा.

"एक्केचाळीस, हजर. अजून किती वेळ?"

आणि काकांचा, अगदी रोजच्या सुरातला.

"मदत निघाली आहे. जागेवर थांब."

मी हेडफोन काढला. कुणीतरी हरवलेला सेट घेऊन चेष्टा करत असेल. काकांना म्हाताऱ्या वयात असं छळणं हलकटपणा आहे. शोधून काढते त्याला.

मंगळवार, १०

गाडीच्या टपावर दिशा दाखवणारा अँटेना बांधला आणि हजेरीच्या वेळी दिशा घेतली. काकांना सांगून नंतर आणखी दोनदा पुकारायला लावलं, दोन वेगळ्या ठिकाणांहून. काका काही न विचारता पुकारत गेले, हेही तेव्हा मला खटकलं नाही. नकाशावरच्या तिन्ही रेघा एकाच जागी मिळाल्या. कालव्याच्या रस्त्याचं टोक, जळकं कापड गोदाम.

जाऊन आले. वर छप्पर नाही, आत गवत. तळघराला लोखंडी दार आहे, बाहेरून कडी. बारा वर्षांच्या गंजक्या दाराची कडी बोटाने सरकली. तेल घातलेलं होतं.

एक हिशेब काही केल्या बसत नाही. त्या जुन्या सेटची बॅटरी नऊ तास चालते. चार्जर लावायला त्या गोदामात वीज नाही.

दादाला विचारलं. त्याने वर न बघता सांगितलं की तो भाग यादीत नाही, सोड. दादाने मला आजवर कुठलीच गोष्ट सोडायला शिकवलं नव्हतं.

बुधवार, ११

बारा वर्षांपूर्वीची फाइल मिळाली. दाखला दादाच्या सुंदर अक्षरात आहे. सर्व सेट बदलले. शिल्लक : नाही. सही, वेळ सकाळी ९.५०.

त्याच फाइलमध्ये मागे टाचलेला कागद. गोदामाला आग सकाळी ९.२०. फायरमन ४० आणि ४१ तळघरात. ९.४५ ला चाळीसला सेट बदलून घेण्यासाठी बाहेर बोलावलं. बोलावणारा, वायरलेस तंत्रज्ञ. म्हणजे दादा. एक्केचाळीस आत थांबला, कारण जोडीदार येईपर्यंत जागा सोडायची नाही. त्याचा सेट जुन्यावरच होता. दहाला जुना चॅनेल बंद झाला. १०.०५ ला तळघराचं छत बसलं. ढिगाऱ्यात हेल्मेट सापडलं, माणूस नाही.

शिल्लक : नाही.

त्या दोन शब्दांवर मी इंजिनिअर झाले. माझ्या टेबलासमोर बारा वर्षं एका माणसाचं मरण चिकटवलेलं होतं, आणि ज्याने ते मला फोनवर हसत सांगितलं त्याच्या घरात मी जेवतेय. कुंपणानेच शेत खाल्लं तर दाद मागायची कुणाकडे? रडू आलं नाही. राग इतका आला की हातातली पेन्सिल मोडली.

गुरुवार, १२

दादासमोर दाखला ठेवला. तो रडला. त्याला रडताना मी दुसऱ्यांदा पाहिलं, पहिल्यांदा आई गेली तेव्हा.

म्हणाला, घाई होती, एकच सेट राहिला होता, चाळीस परत आत जाईल आणि घेऊन येईल असं धरून चाललो. संध्याकाळी मन खात होतं म्हणून जुनं यंत्र पुन्हा चालू करून पाहिलं, तर आवाज आला. एक्केचाळीस, हजर. तेव्हापासून यंत्र बंद केलेलं नाही. काका रोज तेच वाक्य सांगतात, म्हणजे तो जागेवर थांबतो.

पाच वर्षांपूर्वी दुरुस्तीसाठी टेकडीवरची वीज दोन तास गेली होती. यंत्र परत चालू झालं तेव्हा आवाज म्हणाला, उत्तर नाही, चाळीसला कुणी नेलं ते मीच शोधत निघालोय. त्या दुपारी घरी जिन्यावर ओल्या काजळीचे बुटांचे ठसे होते. वरून तिसऱ्या पायरीपर्यंत. वर भाची झोपली होती, सात वर्षांची. वीज आली, काकांनी घाईघाईने वाक्य सांगितलं, म्हणून ठसे तिथेच थांबले. दुसऱ्या दिवशी तिला हॉस्टेलला पाठवलं.

आणि परवा टेकडीवरचं सगळंच बंद होणार आहे.

मी म्हटलं, बारा वर्षं मदत निघाली म्हणून सांगताय, मग एकदा तरी कुणी जायचं होतं ना! तो बिचारा सुटकेची वाट बघतोय, आणि तुम्ही दोघं त्याच्याशी खोटं बोलण्यात वाकबगार झालात. दादा म्हणाला, त्याच्यात धैर्य नाही आणि काकांचा पाय चालत नाही. जोडीदार न्यायला आला की माणूस बाहेर येतो, एवढंच काकांना ठाऊक आहे.

चाळीस नंबर माझ्याकडे आहे. मी म्हटलं, मी जाते.

दादा नाही म्हणाला. दोनदा. तिसऱ्यांदा म्हणाला, मग दार मी धरतो.

शुक्रवार, १३

२१२ पैकी २१२ झाले. माझ्याकडचा चाळीस यादीबाहेरचा, तो जुन्यावरच आहे. हजेरीला मी काकांशेजारी बसले आणि त्यांच्या आधी बटण दाबलं. म्हटलं, चाळीस बोलतेय, उद्या सकाळी न्यायला येते.

खूप वेळ नुसती खरखर. मग त्याने एकच विचारलं.

"दार धरायला कोण आहे?"

मी सांगितलं, माझा भाऊ आहे.

काकांनी हेडफोन काढून ठेवला आणि डोळे पुसले. मला वाटलं, आनंदाने.

शनिवार, १४

सकाळ. खाली उतरले तर माझी बॅग जिन्याशी भरून ठेवलेली, सोल्डरिंगची पेटीसुद्धा. वहिनी म्हणाली, संध्याकाळी भाची घरी येतेय, कायमची, म्हणून खोली आवरली. मग मला मिठी मारली आणि सोडेचना. मी म्हटलं, अगं, दुपारी जेवायला येते ना.

९.३०. गोदाम. कागदावर काही तरी लिहायला हवं, म्हणून दादाने अधिकृत कारण "तळघरातली चाचणी" असं धरलंय. पॅडला लावलेला फॉर्म त्याने दिला. बॅटरी, दोन्ही सेट, ही वही. जे दिसेल ते वेळ टाकून लिहिणार. दादाने दार धरलं आहे. म्हणाला, मी आहे, ठिणगे.

९.३८. बावीस पायऱ्या. खाली घोट्यापर्यंत पाणी, पण पाणी गरम. नवा सेट, काहीच नाही. फोन, नाही. फक्त चाळीस चालतोय.

९.४१. हाक मारली. एक्केचाळीस, न्यायला आलेय. ढिगाऱ्यामागे पाणी हललं.

९.४३. वर दार लागलं.

वाऱ्याने असेल.

९.४७. वाऱ्याने नाही. कडी बाहेरून सरकवली आहे. मी हाका मारल्या, दाराच्या फटीतून त्याचे बूट दिसत होते. तो उभा होता. दादा, म्हटलं, दादा, मी आत आहे. बूट वळले आणि गेले. पळत नाही. चालत.

९.५१. पायरीवर बसलेय. फॉर्म वाचला. आधीच का वाचला नाही. सगळा भरलेला आहे, त्याच सुंदर अक्षरात.

तळघर चाचणी, सेट ४०, ता. १४, ९.३०. निकाल, समाधानकारक. शिल्लक : नाही. सही.

सहीखालची तारीख १ आहे. मी यायच्या आदल्या दिवशीची.

सेट चाळीस. पहिल्या सकाळी हातात दिलेला. रोज हजेरीला मी हजर म्हणायचे, आणि तो खाली ऐकायचा की जोडीदार आलाय. जोडीदाराला सोडून तो कुठे जाणार नाही. जिन्यावर नाही. खोलीपर्यंत नाही. भाची आज घरी येतेय.

मला पाठवलं नाही त्याने. मी स्वतःच जाते म्हणेन, हे त्याला ठाऊक होतं. त्यानेच वाढवलंय मला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हे —

९.५५. पाणी एक पायरी वर. बॅटरी पिवळी पडतेय. पावलं. हळू, जड, पाण्यातून. सेट दाबून ओरडले, काका, दार उघडायला सांगा, काका तुम्ही चांगले आहात, काका —

९.५८. उत्तर आलं. आवाज रोजचाच. नंबर पुकारला, चाळीस. मी रडत होते. पुन्हा, चाळीस. मी म्हटलं, हजर, हजर, मी इथे आहे.

काका थांबले. मी मोजले. अकरा.

"मदत निघाली आहे. जागेवर थांब."

१०.०० सेटवरचा दिवा गेला. खरखरही नाही.

बॅटरी जेमतेम. कुणीतरी शेजारच्या पायरीवर बसलंय. बाही धरली आहे. हात गरम. रागावलेला नाही — तेच सहन होत नाही, तो रागावलेला नाही. कानाशी, बसलेल्या घशाने, धीर देत, म्हणाला —

"ऐकलंस ना? निघालेत ते."

मी त्याला सांगणार होते की कुणीही —

नाही सांगितलं. कसं सांगू. बारा वर्षं त्याने —

बॅटरी चालली. वहीवर काजळी पडतेय, अक्षर दिसत नाही. तो विचारतोय, दार कोण धरतंय म्हणालीस. मी म्हटलं, माझा भा